पोर्टलेट डिप्लॉय होत नाही? लाइफरे आणि टॉमकॅटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लाइफरे ७ च्या मालिकेवर काम करणाऱ्यांसाठी आहे. लाइफरे हे जावामधलं पोर्टल, म्हणजे वेबसाइट उभारायचं सॉफ्टवेअर. टॉमकॅट हा ते चालवणारा सर्व्हर, आणि पोर्टलेट म्हणजे पोर्टलच्या पानावर बसणारं छोटं ॲप. सर्व्हर लिनक्स आणि खाली टॉमकॅट असं गृहीत धरलं आहे. वॉर फाइलचं (वेब ॲपचं एकत्र बांधलेलं पॅकेज) जुनं पोर्टलेट असो की ओएसजीआय (सर्व्हर चालू असताना जावाचे तुकडे जोडायची-काढायची व्यवस्था) मॉड्यूलची जार, अडचणी बऱ्याचदा त्याच असतात. लाइफरे ६.२ वर अजून काम चालू असलेल्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पोर्टलेट ‘डिप्लॉय झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

चार वेगळ्या गोष्टी झाल्या. पोर्टलने फाइल उचलली. तिचं बंडल (ओएसजीआयच्या भाषेत मॉड्यूल) रिझॉल्व्ह होऊन सुरू झालं, म्हणजे लागणारी सगळी पॅकेजेस त्याला मिळाली. बंडलमधल्या कंपोनंटची (ओएसजीआय सांभाळत असलेल्या क्लासची) पोर्टलेट म्हणून नोंद झाली. आणि शेवटी ते पानावर रेंडर झालं, म्हणजे दिसू लागलं. यातली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे फसू शकते आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

‘डिप्लॉय होत नाहीये’ हे वाक्य या चारही बिघाडांना सरसकट वापरलं जातं, आणि निम्मा वेळ तिथेच वाया जातो. आधी गाडी कुठल्या पायरीवर अडली ते ठरवा. खालचे प्रश्न साधारण याच क्रमाने घेतले आहेत.

डिप्लॉय फोल्डरमध्ये फाइल टाकली, पण काहीच होत नाही. लॉगमध्ये एक ओळसुद्धा नाही.

फाइल अजून फोल्डरमध्येच आहे का ते बघा. पोर्टलने उचललेली फाइल तिथून हलते: मॉड्यूलची जार ओएसजीआय फोल्डरातल्या मॉड्यूल्समध्ये जाते, वॉर त्याच्या शेजारच्या वॉर फोल्डरमध्ये. फाइल जागची हलली नसेल तर पोर्टलला ती दिसलेलीच नाही, किंवा दिसूनही हात लावता आलेला नाही.

हात लावता न येण्याचं नेहमीचं कारण मालकी. फाइल रूटने कॉपी केली आणि टॉमकॅट वेगळ्याच युजरखाली चालतोय, असं फार होतं. डॉकरमध्ये तर हे हमखास, कारण लाइफरेच्या अधिकृत इमेजमधला युजर १००० क्रमांकाचा असतो आणि बाहेरून माउंट केलेलं फोल्डर रूटचं असतं. फोल्डरची मालकी बदलली की काम होतं.

दिसलीच नसेल तर तुम्ही भलत्याच फोल्डरमध्ये फाइल टाकली असण्याची शक्यता आहे. एका मशीनवर दोन इन्स्टॉलेशन असली की हा घोळ होतो. पोर्टल-एक्स्ट.प्रॉपर्टीजमध्ये ऑटो डिप्लॉय बंद केलेलं नाही ना आणि डिप्लॉय फोल्डरचा पत्ता बदललेला नाही ना, या दोन ओळी तपासा. प्रॉडक्शनवर कुणीतरी जाणूनबुजून ऑटो डिप्लॉय बंद ठेवलेलं असू शकतं, आणि ते योग्यही असतं.

झिप एक्सेप्शन येतं, पण तीच जार माझ्या लॅपटॉपवर नीट उघडते.

फाइल पूर्ण उतरायच्या आत पोर्टलने ती उचलली आहे. मोठी वॉर हळू नेटवर्कवरून थेट डिप्लॉय फोल्डरमध्ये पाठवली की ठरावीक अंतराने फिरणारा स्कॅनर अर्धवट फाइलवरच झडप घालतो. फाइल आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवा आणि मग एमव्ही कमांडने डिप्लॉयमध्ये सरकवा. एकाच फाइल सिस्टिमवर हे सरकवणं एका झटक्यात होतं, मधली अर्धवट अवस्था कुणालाच दिसत नाही. डिप्लॉयची स्क्रिप्ट असेल तर हा बदल आजच करून टाका.

मी ३ वाजता डिप्लॉय केलं, पण लॉगमध्ये ३ वाजता काहीच नाही.

साडेनऊची नोंद बघा. लाइफरेच्या तयार डाउनलोडसोबत येणाऱ्या टॉमकॅटच्या सेटएन्व्ह फाइलमध्ये जेव्हीएमचा (जावा चालवणाऱ्या यंत्रणेचा) टाइम झोन जीएमटी ठेवलेला असतो, त्यामुळे लॉगमधली वेळ आपल्या घड्याळापेक्षा ५ तास ३० मिनिटं मागे असते. दुपारी ३ चं डिप्लॉय लॉगमध्ये सकाळी साडेनऊला सापडेल.

लॉगची वेळ सोयीची व्हावी म्हणून हा टाइम झोन भारतीय करू नका. लाइफरे तारखा जीएमटीत साठवतं आणि दाखवताना युजरच्या टाइम झोनमध्ये बदलतं. ते सेटिंग हलवलं तर आधी साठवलेल्या तारखांचा गोंधळ उडतो. साडेपाच तास मनात वजा करायची सवय लावणं परवडतं.

‘वन ऑर मोअर लिसनर्स फेल्ड टू स्टार्ट’ एवढंच दिसतं. पुढे काय?

ही ओळ टॉमकॅटची आहे आणि खरं कारण ती सांगत नाही. कॅटलिना.आउटमध्ये (टॉमकॅटच्या मुख्य लॉगमध्ये) ही दिसली की त्याच लॉग्स फोल्डरमधली लोकलहोस्ट आणि तारीख अशा नावाची फाइल उघडा. पूर्ण स्टॅक ट्रेस (एरर कोडमध्ये कुठून कुठे पोचली त्याची यादी) तिथे असतो. पुष्कळांना ही फाइल आहे हेच माहीत नसतं.

स्टॅक ट्रेस वाचताना वरून सुरुवात करू नका. ‘कॉज्ड बाय’ असे एकाखाली एक लागलेले असतात, त्यातला शेवटचा शोधा. वरचे सगळे त्याचेच पडसाद.

‘अनरिझॉल्व्ड रिक्वायरमेंट: इम्पोर्ट पॅकेज’ म्हणजे काय?

दुसरी पायरी अडली. तुमच्या बंडलला एक जावा पॅकेज हवं आहे आणि चालू सिस्टिममधलं एकही बंडल ते हव्या त्या व्हर्जनमध्ये देत नाही. गोगो शेलमध्ये (लाइफरेतली ओएसजीआयची कमांड लाइन) बंडलांची यादी देणारी एलबी कमांड दिली की अशा बंडलसमोर ‘ॲक्टिव्ह’च्या जागी ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं. त्याचा क्रमांक घेऊन डायग कमांड चालवा, नेमकं कुठलं पॅकेज अडलंय ते ती सांगते.

समजा, जीसन (जेसॉन डेटासाठीची एक जावा लायब्ररी) पॅकेजसमोर [२.८, ३) अशी व्हर्जनची मर्यादा लिहिली आहे. चौकोनी कंस म्हणजे ती संख्या धरून, गोल कंस म्हणजे ती सोडून. २.८ चालेल, २.१० चालेल, ३ चालणार नाही. सिस्टिममध्ये २.७ असेल तरी पोर्टल नकारच देणार. तुम्ही कंपाइल करताना जे व्हर्जन वापरलं त्यावरून बिल्ड टूलने ही मर्यादा आपोआप काढलेली असते. म्हणून ग्रेडलच्या (एक बिल्ड टूल) फाइलमध्ये लायब्ररीचा आकडा सहज वाढवला तरी डिप्लॉय मोडू शकतं, कोडची एकही ओळ न बदलता.

आता उपाय. पॅकेज लाइफरेचं स्वतःचं असेल तर जास्त करून तुमच्या बिल्डमधलं लाइफरेचं व्हर्जन सर्व्हरपेक्षा पुढे गेलेलं असतं. वर्कस्पेसमध्ये टार्गेट प्लॅटफॉर्म (बिल्ड लाइफरेच्या कुठल्या व्हर्जनसाठी ते सांगणारं सेटिंग) सर्व्हरच्या व्हर्जनशी जुळवा आणि वेगवेगळ्या लायब्ररींसमोरचे आकडे काढून टाका. बाहेरची लायब्ररी असेल तर ग्रेडलमध्ये ती कंपाइल-इन्क्लूडखाली घ्या, ती आणि तिला लागणाऱ्या बाकीच्या जार बंडलच्या पोटात जातात. मात्र आत घेतलेल्या एखाद्या जारला आणखी भलतीच पॅकेजेस हवी असतात आणि मग पुढचं नाव अडतं. अशा वेळी एकेक नाव नीट तपासायचं: हे खरंच लागतं का, की एखाद्या कधीच न चालणाऱ्या कोपऱ्यातल्या क्लासला हवंय?

सगळं ‘ऑप्शनल’ करून टाकण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. मी तो देणार नाही. बंडल सुरू होतं, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नंतर युजरने एक ठरावीक बटण दाबलं की ‘नो क्लास डेफ फाउंड’ येतं. ज्या पॅकेजची गरज नाही हे तुम्ही स्वतः पडताळलं आहे, तेवढंच ऑप्शनल करा.

बंडल ‘ॲक्टिव्ह’ आहे, लॉग स्वच्छ आहे, तरीही पोर्टलेट यादीत दिसत नाही.

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात, कारण पोर्टल तक्रारच करत नाही. ‘ॲक्टिव्ह’चा अर्थ बंडल सुरू झालं एवढाच. आतला कंपोनंट कामाला लागला असेलच असं नाही.

पोर्टलेटच्या क्लासमध्ये रेफरन्स ॲनोटेशन लावून तुम्ही काही सेवा मागितल्या असतील. त्यातली एक जरी हजर नसेल तर तो कंपोनंट गप्प वाट बघत राहतो. ओएसजीआयच्या दृष्टीने ही चूक नाही, सेवा पाच मिनिटांनीही येऊ शकते, म्हणून लॉगमध्ये एरर नाही. गोगो शेलमध्ये ‘डीएस:अनसॅटिस्फाइड’ ही कमांड चालवा. कुठला कंपोनंट कुठल्या सेवेसाठी अडून बसलाय त्याची यादी मिळते. मग त्या सेवेच्या मागे जा. पुष्कळदा शेवटी सर्व्हिस बिल्डरचं (डेटाबेसशी बोलणारा कोड तयार करणारं लाइफरेचं टूल) मॉड्यूल निघतं, आणि त्याच्याही मागे डेटाबेस: नव्या टेबलसाठी डेटाबेस युजरला क्रिएटची परवानगीच नसते. डेव्हलपमेंटमध्ये तो युजर सर्वाधिकारी असतो म्हणून तिथे काही कळत नाही. टेबल नाही, म्हणून सेवा नाही, म्हणून पोर्टलेट नाही.

यादी रिकामी आली तर कंपोनंट ॲनोटेशन पुन्हा वाचा. सर्व्हिस म्हणून पोर्टलेट क्लास लिहायचा राहिला असेल तर कंपोनंट जिवंत असतो, पण पोर्टलेट म्हणून त्याची नोंद होत नाही. डिस्प्ले कॅटेगरी ‘हिडन’ असेल तर पोर्टलेट चालू असूनही यादीत येत नाही. दुसऱ्या मॉड्यूलवरून कोड उचलताना ही ओळ सोबत आलेली असते. आणि इन्स्टन्सेबल नसलेलं (पानावर एकदाच लावता येणारं) पोर्टलेट पानावर आधीच लावलेलं असेल तर यादीतलं नाव फिकं पडतं, पुन्हा ओढता येत नाही. हा बिघाड नाही.

वॉर असेल तर पोर्टलेट.एक्सएमएल, लाइफरे-पोर्टलेट.एक्सएमएल आणि लाइफरे-डिस्प्ले.एक्सएमएल या तिन्ही फाइलींत पोर्टलेटचं नाव अक्षरशः एकच हवं. मोठ्या आणि छोट्या अक्षरांचा फरकही चालत नाही.

गोगो शेल टेलनेटने ११३११ पोर्टवर उघडलं असेल तर बाहेर पडताना ‘डिस्कनेक्ट’ टाइप करा. सवयीने ‘एक्झिट’ केलंत तर शेलसोबत अख्खं ओएसजीआय फ्रेमवर्क बंद होऊ शकतं, म्हणजे चालतं पोर्टल खाली. नवीन माणसाच्या हाती शेल देण्याआधी हे सांगाच. कंट्रोल पॅनेलमधलं गोगो शेल त्या मानाने सुरक्षित.

ॲपाची प्लुटोवर पोर्टलेट दिसत नाही.

प्लुटो हे पोर्टलेट चालवणारं ॲपाचीचं सॉफ्टवेअर, लाइफरेपेक्षा वेगळं. प्लुटोला वॉर आधी असेंबल करावी लागते, म्हणजे वेब.एक्सएमएलमध्ये प्रत्येक पोर्टलेटसाठी प्लुटोच्या सर्व्हलेटची नोंद घालावी लागते. मेव्हन या बिल्ड टूलचं प्लुटो प्लगइन ते काम करतं. शिवाय टॉमकॅटच्या कॉन्टेक्स्टमध्ये क्रॉस कॉन्टेक्स्ट चालू हवं, कारण पोर्टल एका वेब ॲपमध्ये आणि पोर्टलेट दुसऱ्यात असतं.

‘क्लास कास्ट एक्सेप्शन’ येतं, पण दोन्हीकडे क्लासचं नाव एकच आहे!

जावामध्ये क्लासची ओळख नाव आणि क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा भाग) मिळून ठरते. पोर्टलेट एपीआयची जार सर्व्हरकडे असते, आणि तीच तुमच्या वॉरच्या लिब फोल्डरमध्येही गेली असेल तर एकाच नावाचे दोन अनोळखी क्लास तयार होतात. मेव्हनमध्ये तिचा स्कोप ‘प्रोव्हाइडेड’ करा, ग्रेडलमध्ये ‘कंपाइल-ओन्ली’. सर्व्हलेट एपीआयच्या बाबतीत टॉमकॅट जरा दयाळू आहे: वॉरमधली ती जार बाजूला ठेवून ‘जार नॉट लोडेड’ असा इशारा देतो आणि पुढे जातो.

एपीआयची जार मागच्या दाराने, दुसऱ्या लायब्ररीचा हात धरूनही येते. म्हणून बिल्ड फाइलवर विसंबू नका, तयार झालेली वॉर उघडून लिब फोल्डर डोळ्यांनी बघा.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आणि मागे ६१, ५५ असले आकडे येतात.

कंपाइल नव्या जावावर झालंय, सर्व्हर जुन्यावर चालतोय. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७ आणि ६५ म्हणजे २१. बिल्डमध्ये रिलीज लेव्हल सर्व्हरच्या जावाइतकी ठेवा. सर्व्हर नेमका कुठल्या जावावर उठला ते टर्मिनलमध्ये विचारून खात्री होत नाही, कारण सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या टॉमकॅटचं जावा होम वेगळं असू शकतं. कॅटलिना लॉगच्या सुरुवातीच्या ओळींत ते छापलेलं असतं.

टॉमकॅट ९ वरची वॉर १० वर टाकली आणि सर्व्हलेटचे क्लासच सापडेनासे झाले.

टॉमकॅट १० पासून पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. जुनी वॉर तिथे चालणार नाही. टॉमकॅट प्रकल्पाचंच एक मायग्रेशन टूल तयार वॉरमधली नावं बदलून देतं, पण साध्या वेब ॲपसाठी ते ठीक आहे. पोर्टलसाठी टॉमकॅट स्वतंत्रपणे कधीच वर नेऊ नका. तुमच्या पोर्टलच्या व्हर्जनला कुठला टॉमकॅट चालतो हे पोर्टल ठरवतं.

६.२ मधलं जुनं पोर्टलेट ७ वर जसंच्या तसं चालेल का?

पोर्टलेटच्या प्रमाणाला धरून लिहिलेला भाग बहुतेक चालतो. त्या प्रमाणाच्या आवृत्त्यांपैकी जेएसआर १६८ हे २००३ चं, २८६ हे २००८ चं आणि ३६२ हे २०१७ चं, आणि पुढच्याने मागच्याला सांभाळून घेतलं आहे. मोडतो तो लाइफरेच्या स्वतःच्या एपीआयला हात लावणारा भाग. पोर्टल-युटिलसारखे नेहमीचे क्लास ७ मध्ये ‘कर्नल’ असलेल्या पॅकेजमध्ये हलले, त्यामुळे इम्पोर्टच्या ओळी बदलाव्याच लागतात.

‘बिल्ड नंबर न्यूअर दॅन’ अशी एरर सर्व्हिस बिल्डर देतं.

डेटाबेसमध्ये नोंदलेला बिल्ड क्रमांक तुमच्या जारमधल्या क्रमांकापेक्षा मोठा आहे. म्हणजे तुम्ही जुनी जार टाकताय, किंवा दोघांनी आपापल्या मशीनवर सर्व्हिस बिल्डर चालवलाय आणि क्रमांक वेगवेगळे वाढलेत. सर्व्हिस.प्रॉपर्टीज गिटमध्ये ठेवा आणि मर्ज करताना मोठा क्रमांक राखा. डेटाबेसमधली ओळ हाताने बदलण्याचा मोह होतो. स्वतःच्या मशीनवर खुशाल करा, प्रॉडक्शनवर नको.

मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

आधी काय दिसतंय ते नीट बघा, कारण तीन वेगळे आजार आहेत.

सलग प्रश्नचिन्हं दिसत असतील तर लिहितानाच अक्षरं गेली. कुठेतरी मधल्या टप्प्यावर देवनागरी न समजणारं एन्कोडिंग होतं, बहुधा लॅटिन-१ असलेलं मायएसक्यूएलचं टेबल किंवा कनेक्शन. ती अक्षरं परत मिळत नाहीत, सेटिंग सुधारून मजकूर पुन्हा भरावा लागतो. डोक्यावर चिन्हं असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर मूळ बाइट शाबूत आहेत, फक्त वाचताना एन्कोडिंग चुकलंय. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन चिन्हं दिसतात. आणि रिकामे चौकोन दिसले तर डेटा ठीक आहे, फॉन्ट नाही. सर्व्हरवर तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये हे हमखास होतं, कारण लिनक्सच्या छोट्या इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो.

लेबलं प्रॉपर्टीज फाइलमधून येत असतील तर जावाचं व्हर्जन बघा. जावा ८ पर्यंत रिसोर्स बंडल या फाइली आयएसओ-८८५९-१ म्हणून वाचत असे, ९ पासून यूटीएफ-८ म्हणून वाचू लागलं. लाइफरेच्या लँग्वेज फाइली मात्र यूटीएफ-८ मध्येच लिहायच्या. जेएसपीच्या माथ्यावर पेज एन्कोडिंग लिहिलेलं असू द्या.

लॅपटॉपवर नीट दिसतं आणि बिल्ड सर्व्हरवर बनवलेल्या जारमध्ये बिघडतं, असं असेल तर कंपायलरला एन्कोडिंग दिलेलं नाही. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट आहे, त्याआधी मशीनची लोकेल ठरवायची. बिल्ड फाइलमध्ये एन्कोडिंग लिहून टाका. मराठीत सेवा देणाऱ्या पोर्टलवर नागरिकाचं नावच प्रश्नचिन्हांत जाणं हा किरकोळ दोष समजू नये. चाचणीच्या डेटात ‘र्‍हस्व’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड.’ असे शब्द मुद्दाम ठेवा.

नवी जार टाकली तरी जुनाच कोड चालतो.

ओएसजीआयच्या मॉड्यूल्स फोल्डरमध्ये जाऊन बघा. फाइलच्या नावात व्हर्जन असेल तर १.०.० आणि १.०.१ अशा दोन्ही जार तिथे नांदत असतात आणि दोन्ही बंडलं सुरू असतात. जुनी काढा. फाइलच्या नावातून व्हर्जन वगळलं तर हा प्रश्न पुन्हा येत नाही, ते मॅनिफेस्टमध्ये असतंच.

फक्त जेएसपी जुनी दिसत असेल तर लाइफरे होममधल्या वर्क फोल्डरात तुमच्या मॉड्यूलच्या नावाचं फोल्डर असतं, ते उडवा. सीएसएस जुनं असेल तर आधी ब्राउझर आणि मधला कॅशे.

ओएसजीआयचं स्टेट फोल्डर (बंडलांच्या अवस्थेची साठवण) उडवलं तर चालतं का?

सर्व्हर बंद असताना चालतं. पुढच्या वेळी उठायला जास्त वेळ लागेल. चालू सर्व्हरवर कधीच नाही.

कंट्रोल पॅनेलमधून अपलोड केलं की ४१३ (फाइल फार मोठी) अशी एरर येते.

टॉमकॅटच्या पुढे उभा असलेला एनजिनएक्स वेब सर्व्हर अडवतोय. त्याची बॉडीची मर्यादा मुळात १ एमबी असते, ती वाढवा.

ॲडमिनला दिसतं, पाहुण्याला नाही. किंवा ‘टेम्पररिली अनअव्हेलेबल’ येतं.

पहिल्यात पोर्टलेटच्या परवानग्यांमध्ये गेस्टला ‘व्ह्यू’ दिलेलं नाही. दुसऱ्यात डिप्लॉय यशस्वी आहे आणि रेंडर करताना तुमच्या कोडमध्ये एक्सेप्शन आलंय. पान एकदा रिफ्रेश करा आणि त्याच क्षणी लॉगच्या शेपटाकडे बघा.

पाच-सहा वेळा डिप्लॉय केलं की ‘आउट ऑफ मेमरी: मेटास्पेस’.

मेटास्पेस ही क्लासची माहिती ठेवणारी मेमरी. जुना क्लासलोडर सुटत नाहीये, म्हणून ती भरते. तुम्ही सुरू केलेला आणि थांबवायचा राहिलेला थ्रेड, न पुसलेला थ्रेडलोकल किंवा नोंद न काढलेला जेडीबीसी ड्रायव्हर त्याला धरून ठेवतो. वॉर काढताना टॉमकॅट यातल्या कित्येकांबद्दल लॉगमध्ये नावानिशी इशारा देतो. मेटास्पेसची मर्यादा वाढवली तर मरण पुढे ढकललं जातं, इतकंच. गळती शोधून थांबवा.

क्लस्टरमध्ये एका नोडवर दिसतं, दुसऱ्यावर नाही.

जार प्रत्येक नोडच्या डिप्लॉय फोल्डरमध्ये टाकावी लागते. टाकल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा चेकसम ताडून बघा.

अडलं की सरळ रिस्टार्ट का करू नये?

कारण रिस्टार्टने पुरावा जातो. वाट बघत बसलेला कंपोनंट, दोन व्हर्जनची बंडलं, अडकलेला थ्रेड हे सगळं चालू सर्व्हरमध्येच दिसतं. रिस्टार्टनंतर बंडलं वेगळ्या क्रमाने उठतात, कधी योगायोगाने चालतं आणि खरं कारण तसंच राहतं. सेवा बंद पडून लोक खोळंबले असतील तर रिस्टार्ट करावाच लागेल, पण त्याआधी एलबीचं आउटपुट, अनसॅटिस्फाइडची यादी आणि एक थ्रेड डंप (त्या क्षणी कुठला थ्रेड काय करतोय त्याची नोंद) फाइलमध्ये घेऊन ठेवा. एवढं एका मिनिटात होतं.

दुसऱ्या कुणाची मदत मागायची तर काय काय पाठवू?

पोर्टल, टॉमकॅट आणि जावा या तिघांचं नेमकं व्हर्जन, पॅच लेव्हलसह. चारपैकी कुठल्या पायरीवर अडलंय ते. शेवटच्या ‘कॉज्ड बाय’सकट पूर्ण स्टॅक ट्रेस, मजकूर म्हणून, स्क्रीनचा फोटो नको, तो शोधता येत नाही. शेवटचं नीट चाललेलं डिप्लॉय आणि आजचं यांच्यामध्ये काय बदललं ते, आणि त्यात बिल्ड फाइलमधला बदलही धरा. लॉग पाठवण्याआधी त्यातले पासवर्ड आणि नागरिकांची माहिती काढून टाका.